करंजाचं तेल

सिद्धेश्वर धरणाच्या काठाला कुणाची शेळी पिल्लाला पाजेना, कुणाची मेंढी व्याल्यावर पाठ फिरवून उभी राहिली, की माणसं चांगुणाबाईला बोलवायची. ती यायची, पण आधी दोन शिव्या घालायची, एक जनावराला आणि एक त्याच्या मालकाला. मग पदर खोचून खाली बसायची आणि बघता बघता पिल्लू ढुशा देत दूध प्यायला लागायचं. हे जमलं कसं म्हणून कुणी विचारलंच, तर म्हणायची, तुला सांगितल्यावर मला कोण बोलवंल? साठी ओलांडलेली काटकुळी बाई, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या कुत्र्यानंही कान टवकारावेत. भोयांच्या वस्तीतली पोरं तिला घाबरायची आणि दिवसभर तिच्याच पालाभोवती घुटमळायची.

ही विद्या काही ती आईच्या पोटातून शिकून आलेली नव्हती. माहेर कनेरगाव नाक्याकडचं. बापाला थोडंसं वावर होतं, तो कधी मेंढरांमागं हिंडला नाही. मल्हारीशी लग्न लागलं आणि अंगाची हळद उतरायच्या आत सासूनं तिच्या हातात घोड्याची दोरी दिली. संसार घोड्यावर, कोंबड्या डालग्यात, आणि नवी नवरी मेंढरांच्या धुरळ्यातून ठेचकाळत चाललेली. पहिल्याच मुक्कामाला एक मेंढी व्याली. कोकरू थंडीनं कुडकुडताना चांगुणाला बघवलं नाही. तिनं ते उचललं, लग्नातल्या लुगड्यानं पुसून कोरडं केलं आणि मोठ्या कौतुकानं आईपुढं ठेवलं. मेंढीनं हुंगलं आणि डोक्यानं ढकलून दिलं. सासूनं त्या दिवशी सुनेच्या थोबाडीत दिली. वर ऐकवलं, की मेंढीला डोळे दिलेत ते चारा बघायला. लेकरू ती नाकानं ओळखते, आणि तू तिचं लेकरूच पुसून टाकलंस.

ती थोबाडीत आयुष्यभर पुरली. आईनं चाटून कोरडं केल्याशिवाय कोकराला बोट लावायचं नाही, साबणानं हात धुतले असतील तर कोकरं कोंडायच्या जाळीच्या आत पाऊल टाकायचं नाही, असे नियम तिनं स्वतःला घालून घेतले. पुढं पुढं तर ती सासूच्याही वरताण झाली. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं कोकरू पोरकं झालं, तर मेलेल्याचं कातडं काढून जित्याच्या पाठीवर बांधायचं. मेंढी हुंगते, आपलंच समजते, पाजते. मग कातडं सोडलं तरी चालतं, कारण तोवर तिचंच दूध त्याच्या पोटात गेलेलं असतं आणि त्याचा वास त्याच्या अंगाला लागलेला असतो. हे सगळं ती तरण्या पोरींना शिव्या देत देत शिकवायची. मल्हारी चेष्टेनं म्हणायचा, हिनं जितकी कोकरं पोटाशी धरली तितक्यांदा मला भाकर विचारली असती, तर मी असा वाळलो नसतो. तसा तो कमीच बोलायचा.

त्यांना एकच मुलगा, प्रभू. तोही वाटेवरच जन्मला, औंढ्याच्या अलीकडे एका विहिरीच्या कडेला. वसतिगृहात राहून दहावीपर्यंत शिकला. मेंढरं हाकण्यात त्याला काही गोडी नव्हती, पण बापाचे गुडघे गेल्यापासून मुकाट्यानं काठी घेऊन चालत होता. यंदा त्याची बायको रागिणी बाळंतपणाला माहेरी गेली, आणि जाताना सांगून गेली की लेकरू घेऊन मी काही पालात यायची नाही. प्रभूनं ते आईला सांगितलं नव्हतं. चांगुणाबाईला ते न सांगताच कळलं होतं, पण कळलंय असं तीही दाखवत नव्हती.

संक्रांत झाली की धरणाचं पाणी मागं सरतं आणि गाळाची जमीन उघडी पडते. त्या गाळात भोयांची टरबुजं, पाण्यात त्यांचे तराफे आणि जाळी, आणि वरच्या अंगाला बाभळींजवळ मल्हारीचं बिऱ्हाड, असा कित्येक वर्षांचा शेजार. भोयांची भिकाबाई चांगुणाबाईला मासळी द्यायची, ही तिला शेळीचं दूध द्यायची, आणि दोघी आठवड्यातून एकदा तरी कडाकडा भांडायच्या. यंदा ऊन लवकर तापलं. मेंढ्या धापा टाकायला लागल्या म्हणून मल्हारीनं लोकर कातरून घेतली. चूक त्याची म्हणता येत नाही. शिमगा झाल्यावर सगळेच कातरतात. कातरताना कातडीला कुठं कुठं कात्री लागते, तिथं करंजाचं तेल लावायचं असतं. म्हणून तेलाचा डबा भरून आणलेला होता आणि तो पालाच्या तोंडाशीच होता.

कातरणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ऊन कलताना वादळ आलं. आधी नुसता वारा, मग गारा. गारा केवढ्या होत्या ते सांगताना काठावरचा प्रत्येक माणूस फळ बदलतो, कुणी आवळा म्हणतो, कुणी लिंबू. मेंढरांना आवळा काय नि लिंबू काय, सारखंच. अंगावर लोकर असती तर मार तरी सोसला असता. त्यातून मेंढरू वाऱ्याकडं तोंड करून कधी उभं राहत नाही. ते वाऱ्याला पाठ देतं आणि चालायला लागतं, पुढचं चाललं की मागचंही चालतं. त्या दिवशी वाऱ्याला पाठ दिल्यावर समोर धरणाचं पाणी होतं. मल्हारी दुखऱ्या गुडघ्यांनी पाण्यात उतरला, प्रभू छातीइतक्या पाण्यात गेला, दोघं मिळेल त्या मेंढीचे कान धरून ओढत राहिले, आणि एक ओढून काठावर आणावी तोवर चार पुढं जात होत्या.

कोकरं मात्र वर, बाभळीखालच्या जाळीत होती. ती चांगुणाबाईच्या वाट्याला आली. पाल उडून गेलं होतं. तिनं सगळी कोकरं बांधाच्या आडोशाला गोळा केली, वर घोंगडी टाकली आणि त्या घोंगडीवर स्वतः पालथी पडली. गारांचा मार तिच्या पाठीनं खाल्ला. गारा थांबल्या तेव्हा घोंगडीखालची कोकरं गारठून काकडली होती, काहींच्या माना लटकायला लागल्या होत्या. चूल वाहून गेलेली, काडीपेटी भिजलेली, कोरडी चिंधी नाही. हाताशी लागला तो तेलाचा डबा. बाळंतिणीच्या लेकराला चोळतात तसं तिनं एकेका कोकराला करंजाच्या तेलानं चोळलं, पाठ, पोट, पाय, शेपटी, अगदी कानसुद्धा. हात भरून येईस्तोवर चोळत राहिली. एकेक कोकरू हळूहळू हलायला लागलं, बें करायला लागलं, आणि ती रडत रडत हसत होती. एकही मरू दिलं नाही तिनं. एवढं करताना सासूची थोबाडीत तिला आठवली नाही. आठवली असती तरी तिनं दुसरं काय केलं असतं, देव जाणे.

सकाळी काठ ओळखू येईना. टरबुजं फुटून गाळात लाल चिखल झाला होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. भोयांचे तराफे तुकडे होऊन बाभळींत अडकले होते, जाळी फांद्यांना लोंबत होती. घरांवरचे पत्रे कुठल्या कुठं गेलेले. पाण्याच्या कडेनं मेंढ्या पडल्या होत्या, पोटं फुगलेल्या, कातरलेल्या, पांढऱ्याफटक. मल्हारी त्यांच्यामधून काठी टेकत फिरत होता आणि एकेकीपाशी थांबत होता. जगल्या त्या मूठभर मेंढ्या बाभळीखाली पाय ताठ करून उभ्या होत्या. भिकाबाई येऊन म्हणाली, तुझी मेंढरं माझ्या वावरात सोड बाई, फुटकी टरबुजं खाऊ दे, माझ्या तर आता काही कामाची राहिली नाहीत. ज्या टरबुजांना मेंढीनं तोंड लावलं म्हणून ती दरवर्षी भांडायची, तीच. चांगुणाबाईला तिच्याशी भांडायला काही सापडेना.

मग तिनं कोकरं सोडली. ती धडपडत आयांकडं धावली. पहिल्या मेंढीनं आपलं कोकरू हुंगलं, नाक फेंदारलं आणि धडक देऊन पाडलं. दुसरीनं तेच केलं. तिसरी तर हुंगून पळतच सुटली. कोकरं या मेंढीकडून त्या मेंढीकडं, तिथून तिसरीकडं ओरडत फिरत होती आणि सगळीकडून मार खात होती. चांगुणाबाईनं आपले दोन्ही हात नाकाशी नेले. करंजाच्या तेलाचा वास डोक्यात जात होता. सगळ्या कोकरांना एकच वास होता आणि तो कुठल्याच आईचा नव्हता.

मल्हारीनं जवळचं एक कोकरू उचललं, हुंगलं, बायकोकडं बघितलं आणि खाली ठेवलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"गारांनी मेंढ्या मारल्या," ती म्हणाली. "कोकरं म्या मारली."

"जिती हायत अजून," मल्हारी म्हणाला.

दुपारी पंचनाम्याला साहेब लोक आले, मोबाइलवर फोटो काढून गेले. रोगराई नको म्हणून जेसीबीनं खड्डा खणला आणि मेलेली मेंढरं त्यात ढकलून वर चुना टाकला. मेलेल्या मेंढ्यांची कोकरं पोरकी झाली होती. त्यांना बांधायला मेलेलं कोकरू नव्हतं, निदान मेंढीच्या कातड्याचा तुकडा तरी बांधून बघावा म्हटलं, तर तोही त्या खड्ड्यात गेला. चांगुणाबाई जेसीबीवाल्याला थांब म्हणत पळत गेली, पण मशीनच्या आवाजापुढं तिचा तो पलीकडच्या काठावर जाणारा आवाजही पोचला नाही.

संध्याकाळी प्रभू आईजवळ येऊन बसला. गाळ उकरत राहिला. मग म्हणाला, की मेंढ्यांच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालंय.

"बाजाराच्या दिशी टेम्पो येऊन राहिला, माय. उरल्यासुरल्या मेंढ्या देऊन टाकू. मी पुण्याकडं कंपनीत जातो, रागिणीला तिकडंच नेतो. तुमी दोघं गावातल्या घरात राहा."

गावातलं घर म्हणजे चार भिंती, जिथं पावसाळ्यात चार दिवस टेकायचं. चांगुणाबाई त्या घरात सलग महिनाभर कधी राहिली नव्हती. कळपाशिवाय दिवस कसा ढकलतात हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि तिला हेही कळत होतं, की एकदा पोरगं तिकडं गेलं की नातवाचं तोंड सणासुदीलाच.

"कळप काहून मोडतोस? कोकरं हायत ना."

"माय असून पाजंना, ते कोकरू काय जगतंय?"

"मी पाजवते. एक जरी मायनं आपलं लेकरू ओळखलं, तर टेम्पो परत धाडायचा. बोल."

प्रभूनं तिच्याकडं बघितलं. पोरगं वाईट नव्हतं. "बरं," तो म्हणाला. "एक जरी."

तेव्हापासून बाजाराच्या दिवसापर्यंत ती पुन्हा ठोकलेल्या पालाकडं फिरकली नाही, असंच म्हटलं पाहिजे. तिनं कोकरांना मातीनं घासलं, धुतलं, उन्हात सुकवलं. करंजाचं तेल असं चिवट की धुतल्यावर कमी व्हायचं आणि ऊन लागलं की पुन्हा वर यायचं. भिकाबाईनं साबण आणून दिला, तर साबणाचा वास त्याहून वाईट. मेंढीचं दूध काढून तिच्याच कोकराच्या पाठीवर चोळायचं म्हटलं, तर गारठ्यानं कासा दगडासारख्या झाल्या होत्या, चार थेंब निघायचे नाहीत. प्रभू मेंढीचं डोकं मांडीत आवळून धरायचा, मल्हारी मागचे पाय धरायचा आणि चांगुणाबाई कोकराचं तोंड सडाला लावायची. माणसं दमायची, मेंढी दमायची, कोकराला दोन घोट मिळायचे. वादळातून वाचलेल्या शेळीचं दूध बाटलीनं पाजलं तर कोकरांना हगवण लागली. सगळं येणारी बाई, पण केलेलं एकही लागू पडेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथं तर एकेक दिवसच महिन्यासारखा झाला होता.

कोकरं एकेक करून गेली. आधी पोरकी गेली, मग आया असलेली त्यांच्या आयांसमोरच गेली. मेलेल्याचं कातडंही कामाचं नव्हतं, त्यालाही तेलाचाच वास. प्रत्येक वेळी चांगुणाबाई ते मांडीवर घेऊन बसायची, त्याच्या तोंडावरच्या माश्या वारायची आणि मल्हारी खड्डा खणून येईपर्यंत उठायची नाही. भिकाबाईनं एकदा भाकर आणून हातात दिली तर तिनं ती तशीच धरून ठेवली. भोयांच्या वस्तीतली पोरं लांब उभी राहून बघायची, कारण तिनं त्यांना शिव्या द्यायचंही सोडलं होतं.

शेवटी एकच कोकरू उरलं. कपाळावर काळा ठिपका असलेलं, वादळाच्या आदल्या सकाळी जन्मलेलं. त्याची आई तोंडानं काळी, कळपातली सगळ्यांत हट्टी मेंढी, पण तिच्या कासेत अजून दूध होतं. चांगुणाबाईनं सगळा जीव त्या एकावर लावला. दर थोड्या वेळानं त्याला पाण्याच्या कडेला नेऊन धुवायचं, उन्हात आपल्या उघड्या हातांवर सुकवायचं, त्याच्या आईच्या दुधाचे पिळून काढलेले थेंब त्याच्या शेपटीला लावायचे. तेलाचा वास कमी होत चालला होता. मल्हारीनं हुंगून सांगितलं, आता फक्त कानामागं राहिलाय. मेंढी अजून धडक देत होती, पण आधी दुरूनच धावून येऊन द्यायची, ती आता जवळ येऊन, नाक लावून मग द्यायला लागली होती. चांगुणाबाईनं हे प्रभूला दोनदा सांगितलं. पोरगं ऐकून घ्यायचं आणि मान हलवायचं.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिनं कोकराला शेवटचं धुतलं. कानामागं बोटानं चोळून चोळून धुतलं. त्याचं अंग हातात अगदी हलकं लागत होतं. तिनं त्याला उन्हात, कोरड्या गवतावर ठेवलं, अंगाशी पाय दुमडून, आणि स्वतः बाजूला सरली, कारण माणूस जवळ असलं की मेंढी बुजते.

काळतोंडी मेंढी चरत चरत आली. थांबली. मान लांब करून तिनं कोकराची शेपटी हुंगली, मग पाठ, मग कानामागं. मेंढीनं धडक दिली नाही. ती घशातल्या घशात घुमली. हा आवाज मेंढी फक्त आपल्या कोकराला देते, दुसऱ्या कुणाला नाही. चांगुणाबाई तो जन्मभर ऐकत आली होती. मेंढी कोकराला चाटायला लागली, डोळे, कपाळ, तोंड, जणू आत्ताच व्याली आहे.

"अवं," चांगुणाबाईनं मल्हारीला हाक मारली. "इकडं या. ओळखलं तिनं."

मल्हारी काठी टेकत आला. प्रभूही आला. मेंढी चाटत होती, मध्येच पायानं कोकराला ढोसत होती, ऊठ म्हणून, आणि पुन्हा चाटत होती. मल्हारी वाकला, त्यानं कोकराच्या छातीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला आणि हळूच तिथंच खाली बसला. तेव्हा चांगुणाबाईला कळलं, ती छाती हलत नाही.

ती तिथंच मेंढीचं चाटणं बघत उभी राहिली. हे तिला आयुष्यात सगळ्यांत जास्त आवडायचं, आई लेकराला चाटते ते, आणि आता ते बघवत नव्हतं तरी नजर काढता येत नव्हती. तेवढ्यात बंधाऱ्याच्या रस्त्यानं टेम्पो खाली उतरला आणि व्यापाऱ्याच्या माणसानं मागची फळी टाकली.

प्रभू तिच्याजवळ आला.

"माय, ओळखलं तिनं. मी बोललो होतो तुला. टेम्पो परत धाडू का?"

पोराला एवढं म्हणताना किती जड गेलं असेल ते तिला दिसत होतं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"न्हाई बाबा. चढव मेंढ्या."

बाकीच्या मेंढ्या मुकाट चढल्या. वादळापासून त्यांच्यात अडून बसायचं बळच राहिलं नव्हतं. काळतोंडी तेवढी हलेना. व्यापाऱ्याच्या माणसानं मानेला धरून ओढलं, प्रभूनं मागून रेटलं, तिनं चारी पाय गाळात रोवले आणि कोकराकडं तोंड करून ओरडत राहिली. त्या माणसानं काठी उचलली. चांगुणाबाई म्हणाली, मारू नको, थांब.

तिनं कोकरू उचललं. आईला दिसेल असं, गुडघ्याच्या उंचीवर, दोन्ही हातांवर आडवं धरलं आणि वाकून मागं मागं चालायला लागली. नव्या व्यालेल्या मेंढीला एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं असलं की असंच न्यायचं असतं. लेकरू पुढं दिसलं, त्याचा वास आला, की आई कुठंही येते. मेंढी तोंड कोकराला लावून, घुमत घुमत, तिच्यामागं निघाली. गाळातून, फुटक्या टरबुजांवरून, टेम्पोपर्यंत. चांगुणाबाई पाठमोरी फळीवर चढली, मेंढीही चढली. आत गेल्यावर तिनं मेंढीला अजून एकदा चाटू दिलं. मग कोकरू पदराखाली घेतलं आणि खाली उतरली.

प्रभूनं फळी लावली.